ओढ आणि सोड

आमच्या वर्कशॉपमधल्या लष्करी ट्रकला आम्ही 'जावई' म्हणायचो. लष्कराने मोडीत काढलेला आणि पाणीखात्याच्या गळ्यात मारलेला, सहा चाकांचा, हिरवा. आल्या दिवसापासून आवारातल्या एकुलत्या एका शेडमध्ये तो सावलीला, आणि रोज राबणाऱ्या आमच्या गाड्या उन्हात. खाणं भरपूर, काम काडीचं नाही, आणि वर त्याची मर्जी सांभाळायला मी. बत्तीस वर्षं फिटरकी करून गुडघ्यांची वाट लावून घेतली आणि शेवटी नशिबात आली ती जावयाची सेवा.

त्याच्या पाठीवर क्रेन बसवायची असं वरून ठरलं होतं. रस्ता खोदला की पाण्याचे जाड पाइप उचलायला आम्हाला दुसऱ्या खात्याच्या क्रेनची वाट बघत बसावं लागायचं, ते संपावं म्हणून. क्रेन चालते तेलाच्या दाबावर, आणि दाब द्यायला हवा पंप. पंप फिरवायला मात्र वेगळं इंजिन नको होतं. या ट्रकला पूर्वी पुढे विंच होता, म्हणजे रुतलेल्या गाड्या दोराने ओढून काढायचा रहाट. तो फिरायचा पीटीओवर. पीटीओ ही गिअरबॉक्सच्या कुशीला बसवलेली एक छोटी पेटी असते. केबिनमधला आखूड दांडा टाकला की इंजिनाची ताकद चाकांकडे न जाता तिथून बाहेर पडते. विंच गंजून संपला होता. तो काढला आणि त्या जागी हायड्रॉलिकचा पंप जोडला. कागदावर अर्ध्या पानाचं काम होतं. मी अडीच महिने ट्रकखाली पाठीवर पडून होतो.

मेख एकच होती. विंचला दोर गुंडाळावा लागतो तसा सोडावाही लागतो. म्हणून त्या दांड्याला तीन जागा होत्या. पुढे टाकला की सुलट फिरणार, मधे बंद, मागे टाकला की उलट. तेलाच्या पंपाला उलट फिरणं मानवत नाही. ज्या तोंडाने तेल प्यायचं त्याच तोंडाने तो ते ओकायला लागतो आणि शाफ्टभोवतीचं तेल अडवणारं रबरी सील फाटतं. एकाच दिशेला फिरणारा पीटीओ द्या म्हणून मी स्टोअरकीपरकडे गेलो. त्याला सगळे 'नाही' याच नावाने हाक मारतात. तो नावाला जागला. मग उपाय उरला तो साधा. दांडा मागच्या जागेत जाऊच नये म्हणून खाचेवर लोखंडाची एक पट्टी बसवायची. दोन बोल्ट, अर्धा तास.

सोमवारी संध्याकाळी तेवढंच काम उरलं होतं. मी ट्रकखालून बाहेर आलो तेव्हा उठण्यासाठी मला चाकाला धरावं लागलं. म्हटलं, मरू दे. मंगळवारची चाचणी झाली की बसवू. जो ट्रक चालवणार त्याला तोंडी सांगून ठेवू.

जो चालवणार होता ते आमचे दाजी. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सैन्यात बावीस वर्षं त्यांनी याच जातीचा ट्रक चालवला, विंचवाला. पुढे एका कारखान्यात रखवालदारी केली, तिथूनही निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली होती. एक दिवस ताई माझ्याकडे आली, खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली.

"रोज सकाळी उठून बूट पॉलिश करतात," ती म्हणाली. "घालतात, नाड्या बांधतात. मग जायचं कुठे म्हणून काढून ठेवतात. रोज. माझ्याने बघवत नाही रे. तुझ्या त्या ट्रकला माणूस लागतोय ना?"

लागत होताच. त्या ट्रकचे गिअर आमच्या एकाही ड्रायव्हरला पडत नव्हते. दोनदा क्लच दाबा, मधे रेस द्या, कान लावून ऐका, तरी तो दात खातच राहायचा. दाजींनी पहिल्या दिवशी तो आवारातून असा फिरवून आणला की 'नाही' सुद्धा दारात येऊन बघत उभा राहिला. आमच्या इंजिनिअर मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठ्या असतील, बारा महिने सर्दी, एका हातात रुमाल. त्या म्हणाल्या, "चाचणी नीट झाली की यांना ठेवून घेऊ. नाही झाली तर ट्रकही परत जाईल आणि मी कोणासाठी काही करू शकणार नाही." दाजी दुसरीकडे कुठे चिकटणार नव्हते. एकसष्ट वर्षांच्या माणसाला आणि त्याच्याएवढ्याच जुन्या गिअरबॉक्सला कोण विचारतं?

सोमवारी जाताना मी त्यांना बजावलं, "दाजी, दांडा पुढे आणि मधे. मागे टाकायचा नाही. पंप उलटा फिरेल. क्रेन वरखाली करायला दाराशेजारी हे छोटे दांडे आहेत, त्यांनीच सगळं."

"कळलं," दाजी म्हणाले. मान हलवली. माणूस हुकूम ऐकणारा. मी घरी जाऊन झोपलो.

मंगळवारी दहाला चाचणी. शेडसमोर सिमेंटचा पाइप ठेवलेला, माणूस वाकून आत जाईल एवढा. खुणा करायला मुकादम उभा राहिला. हा गडी सगळ्यांना अरे-तुरे करतो, सासऱ्यालाही करतो, आणि त्याचा आवाज आवाराबाहेरच्या रस्त्यावर ऐकू जातो. मॅडम फाइल घेऊन शेडच्या खांबापाशी. दाजी केबिनमध्ये, बूट आरशासारखे. मी पंपाजवळ.

"ओढ," मुकादम ओरडला.

दाजींनी दाराशेजारचा दांडा ओढला. पंप घुमला, क्रेनचा हात ताणला गेला, पाइप जमिनीवरून सुटला आणि सावकाश वर चढला. मला खरंच भरून आलं. अडीच महिन्यांचं पाठीचं दुखणं तेवढ्यापुरतं गेलं. पाइप कमरेएवढा वर गेल्यावर मुकादमाने हात आडवा केला, सगळं थांबलं. मॅडमनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि मुकादमाला खूण केली.

"सोड," तो ओरडला.

केबिनमध्ये क्लच दाबल्याचा आवाज आला. तोच मला खटकला. पाइप खाली घ्यायला क्लच कशाला? मी "दाजी" म्हणेपर्यंत क्लच सुटला होता. पंप वेगळ्याच आवाजात किंचाळला, तेल पिण्याचा जाड पाइप क्लॅम्पमधून निसटला आणि गरम तेल जमिनीवर, चाकांवर, माझ्या पँटवर उडालं. दाजींनी इंजिन बंद करून खाली उडी मारली ती नेमकी तेलाच्या थारोळ्यात.

सिमेंटचा पाइप पडला नाही. क्रेनच्या सिलिंडरला एक कुलपाचा व्हॉल्व्ह असतो, दाब गेला तरी तो वजन धरून ठेवतो. तो मी न चुकता बसवला होता, एवढीच जमेची बाजू. तरी दीड टनाचं धूड हवेत लोंबकळत ठेवून कोणी जेवायला जात नाही. मी सिलिंडरपाशी चढलो, व्हॉल्व्हचा स्क्रू पाव फेरा सैल केला, थांबलो, पुन्हा पाव फेरा. पाइप बोटभर खाली यायचा. एकदा हात घसरला आणि तो वीतभर खाली आला, तेव्हा सगळे एकदम मागे सरले. वीस मिनिटांनी तो जमिनीला टेकला.

मग मॅडम बोलल्या. "काय झालं नक्की?"

दाजी टाचा जुळवून उभे राहिले, तेलातच. "चूक माझी. दांडा मागे टाकला. मला सांगितलेलं होतं, तरी टाकला."

"का टाकलात?"

दाजी स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "ते 'सोड' म्हणाले," ते म्हणाले. "आमच्याकडे विंचवर दोनच शब्द असायचे. ओढ म्हटलं की दांडा पुढे, सोड म्हटलं की दांडा मागे. ओढ म्हटल्यावर मी सावध होतो. सोड म्हटलं तेव्हा हात कधी गेला ते मला कळलं नाही."

मॅडमनी शिंक आवरली. "संध्याकाळी पाचपर्यंत मला अहवाल पाठवायचाय," त्या म्हणाल्या आणि ऑफिसकडे गेल्या. मी तिथेच उभा होतो. पट्टीबद्दल बोलायला तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. खोटं कशाला बोलू, भीती वाटली असं काही नाही. मी इतका दमलो होतो की मला फक्त सगळ्यांनी तिथून जावं असं वाटत होतं. दमलेला माणूस भित्र्यापेक्षा वाईट वागू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी सगळे जेवायला गेले. दाजी शेडमागच्या नळावर बूट धूत बसले होते. तेल पाण्याने जातं थोडंच. मी शेजारी जाऊन बसलो, म्हणजे आधी गुडघ्यावर हात ठेवून वाकलो आणि मग पडलो म्हणा.

"दाजी," मी म्हणालो, "त्या खाचेवर पट्टी बसवायची होती. दांडा मागे गेलाच नसता. काल माझ्याने झालं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"काल तू गेल्यावर मी केबिनमध्ये बसलो होतो. सगळं एकदा हाताखालून घालावं म्हणून. दांडा मागे जात होता. मी म्हटलं, हे अजून राहिलंय वाटतं."

"मग मला सांगायचं ना. सकाळी आठला आलोय मी. दहाला चाचणी."

दाजींनी बूट उलटा करून पाणी काढलं. "तू काल चाकाला धरून उठलास," ते म्हणाले. "सकाळी सांगितलं असतं तर तू पुन्हा खाली शिरला असतास. मी म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. मी नाही टाकणार मागे."

मला त्यांचा राग आला. खूप राग आला. माझ्या गुडघ्यांची दया करायला यांना कोणी सांगितलं होतं? आणि ती दया करून स्वतःच्या गळ्याला फास लावून घेतला, वर सगळ्यांसमोर चूक माझी म्हणून मोकळे. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी ओला बूट पायात घालायला घेतला आणि नाडी तेलाने सुटून सुटून जायला लागली. तीनदा बांधली, तीनदा सुटली. मला ताईचं बोलणं आठवलं. उद्यापासून हे बूट पुन्हा घरातल्या घरात घातले आणि काढले जाणार होते.

मी साडेचारला ऑफिसात गेलो. मॅडम अहवाल लिहीत होत्या. 'कारण' असं लिहिलेल्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात 'चालकाची चूक' असं मला उलटं दिसत होतं.

"ते खोडा," मी म्हणालो. "फिटरने पट्टी बसवली नाही, असं लिहा."

मी सगळं सांगितलं. संपल्यावर मॅडम रुमालाची घडी करत म्हणाल्या, "सकाळी का नाही बोललात?"

"दमलो होतो."

"दमणं मला कळतं," त्या म्हणाल्या. "मी या खुर्चीत दमूनच बसते. पण तुमच्या दमण्यावर त्यांचं नाव लिहिलं गेलं असतं."

त्यांनी ओळ खोडली, वर नवी लिहिली, माझी सही घेतली. "गुरुवारी पुन्हा चाचणी. वरच्यांना मी एवढंच थोपवू शकते. त्या दिवशी काही झालं तर तुमचे दाजीही नाहीत आणि ट्रकही नाही. आणि ही ओळ तुमच्या फाइलमध्ये राहील."

"राहू दे," मी म्हणालो.

नशिबाने पंपाचे दात शाबूत होते, फक्त सील गेलं होतं. मी 'नाही'कडे गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं, आत गेला, डबीतून सील काढून टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "आहे." बुधवारी दुपारपर्यंत पंप बसला. मग पट्टी. दोन बोल्ट. घड्याळ लावून बघितलं, पंचवीस मिनिटं लागली.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, मी दाजींना केबिनमध्ये बसवलं आणि खाली उभा राहिलो. इंजिन बंद. "आता मी म्हणतो, तुम्ही करा," मी म्हणालो. "सोडा."

त्यांचा हात दाराशेजारच्या दांड्याकडे गेला. बरोबर.

"सोडा." पुन्हा बरोबर. दहा वेळा म्हटलं, दहाही वेळा बरोबर. मी खूश झालो. दाजी झाले नाहीत.

"असं नाही," ते म्हणाले. "तू मला अहो-जाहो करतोयस. मुकादमासारखं म्हण."

आता आली का पंचाईत. ताईच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत दाजींना मी एकदाही एकेरीत बोललो नव्हतो, भांडणातसुद्धा नाही. दोनदा घसा खाकरला, दुसरीकडे तोंड फिरवलं आणि ओरडलो, "सोड!"

ठक्.

क्लच दाबून हात आखूड दांड्यावर गेला होता आणि दांडा मधे येऊन पट्टीवर आपटला होता. मी पुन्हा म्हटलं. ठक्. सतरा वेळा म्हटलं. तीन वेळा हात जागेवर राहिला, चौदा वेळा ठक्. दाजींच्या कपाळावर घाम आला होता. "बावीस वर्षं," ते म्हणाले. "झोपेतसुद्धा सोड म्हटलं तर हात जायचा. तुझी ताई हसायची."

"आता बास," मी म्हणालो. "आपण शब्दच बदलू. मुकादमाला सांगतो, सोडा म्हण."

मुकादमाला सांगितलं तर तो भडकला. "मी काय आता गाडीला आदर देऊ?" मग त्याने दाजींचे बूट बघितले, अजून डागाळलेलेच होते. "बरं," तो म्हणाला. "म्हणतो. माझ्या बापाला कधी म्हटलं नाही, पण म्हणतो."

गुरुवारी दहाला सगळे तिथेच. तोच पाइप. मॅडमबरोबर आज वरचे एक साहेबही आले होते, त्यामुळे त्यांच्या हातातला रुमाल एकसारखा फिरत होता. मुकादम ओठातल्या ओठात 'सोडा, सोडा' म्हणत होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"ओढा," तो म्हणाला, जरा लाजतच. पाइप वर गेला. कमरेएवढा आला, थांबला. तेवढ्यात वाऱ्याने पाइपची मागची बाजू फिरली आणि साहेबांच्या दिशेने झुकली. मुकादम घाबरला. माणूस घाबरला की शिकवलेलं सगळं जातं.

"सोड, सोड," तो ओरडला.

क्लच दाबला गेला. मी डोळे मिटले नाहीत, एवढं मात्र सांगतो.

ठक्.

पंप थांबला. पाइप होता तिथेच राहिला, किंचित डुलत. तेलाचा थेंब कुठे पडला नाही. मी पाइपला हात लावून तो सरळ केला, मग केबिनकडे बघितलं. दाजी पांढरे पडले होते. हात अजून दांड्यावर होता आणि दांडा मधे, पट्टीला टेकलेला. त्यांनी माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली. आपलं काही खरं नाही, असं सांगणारी.

"दाजी," मी म्हणालो, मुकादमाच्या वरचढ आवाजात, "दांडा पुढे घ्या. घेतलात? आता सावकाश सोडा."

त्यांनी दांडा पुढे घेतला, क्लच सोडला, पंप सुलट घुमला. मग त्यांचा हात दाराशेजारी गेला. पाइप खाली आला आणि मातीत असा टेकला की खालचं गवतही फारसं दबलं नसेल.

साहेब घड्याळ बघत होते. मॅडम चालत माझ्यापाशी आल्या. फाइल उघडी होती, पेन हातात होतं.

"मधे तो आवाज कसला आला?" त्यांनी विचारलं. "ठक् असा."

त्यांना माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"सोमवारचं राहिलेलं काम आहे, मॅडम," मी म्हणालो. "आज वाजलं."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, नाक पुसलं आणि सही केली. केबिनमध्ये दाजी अजून बसले होते. मी दार उघडून त्यांना खाली उतरायला हात दिला, आणि पायरीवर त्यांच्या बुटाची नाडी पुन्हा सुटलेली दिसली म्हणून, गुडघे कुरकुरत असताना, वाकून ती बांधून दिली.